लहान राज्याचा तह

२० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीजवळ पेशव्यांची फौज शेवटची म्हणावी अशी लढाई हरली. हे आष्टी आज सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात आहे. इंग्रजी अमदानीत ते माढा तालुक्यात गणले जाई. सेनापती बापू गोखले तिथे पडले, दुसरा बाजीराव निसटला आणि त्याच्या सोबत असलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज जनरल स्मिथच्या हाती आले. इथून पुढे कंपनी सरकारने या मुलखातल्या लहानमोठ्या राजांशी आणि जहागीरदारांशी एकामागून एक तह केले.

या तहांचा शेवट मात्र एकसारखा झाला नाही. त्यांतले सगळ्यांत मोठे राज्य साताऱ्याचे होते. उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला कृष्णा-वारणा, पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंत त्याचा पसारा होता, शिवाय गादी थोरल्या महाराजांच्या वंशाची. १८४८ साली हे राज्य खालसा झाले. त्याच साताऱ्याच्या छायेखाली असलेली अक्कलकोट, जत, फलटण, औंध आणि भोर ही चिमुकली संस्थाने आणखी शंभर वर्षे, म्हणजे १९४८ पर्यंत टिकली.

थोरले बुडाले आणि धाकटी तरली, हे कसे झाले? बलाढ्य सत्तेपुढे लहान राज्याचे काय चालते आणि कशामुळे चालते, हे समजून घ्यायला आपल्या भागात याहून चांगला प्रश्न मिळणार नाही. उत्तरासाठी मात्र आधी थोडे मागे जावे लागेल, आणि एकदा समुद्रापारही.

एकूण ताकद आणि प्रश्नापुरती ताकद

दोन राज्ये बोलणीला बसली की आपण सैन्य, खजिना, मुलूख आणि लोकसंख्या मोजतो. त्या हिशेबात लहान राज्य नेहमीच हरते. पण तहात दोन्ही राज्यांची सगळी ताकद कधीच पणाला लागलेली नसते. वाद एखाद्या किल्ल्याचा, बंदराचा किंवा नदीच्या पाण्याचा असतो. तेवढ्या एका प्रश्नावर कोणाची किती निकड आहे, कोण किती काळ थांबू शकतो आणि बोलणी फिसकटली तर कोणाचे जास्त बिघडते, यावर निकाल ठरतो. याला आपण ‘प्रश्नापुरती ताकद’ म्हणू.

आइसलँडचे उदाहरण पाहा. १९७० च्या दशकात या बेटाची लोकसंख्या होती सव्वादोन लाखांच्या आसपास. सैन्य नव्हते, होत्या त्या किनारारक्षक दलाच्या मोजक्या नौका. समोर ब्रिटनचे आरमार. वाद होता मासेमारीच्या हद्दीचा. आइसलँडने १९५८ साली ही हद्द १२ सागरी मैल केली, १९७२ साली ५० आणि १९७५ साली २००. एक सागरी मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. ब्रिटनने आपल्या मच्छीमारांच्या रक्षणासाठी युद्धनौका पाठवल्या, तर आइसलँडच्या नौकांनी ब्रिटिश जहाजांची जाळी तोडून टाकली. फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनने २०० मैलांची हद्द मान्य केली.

यामागे दोन कारणे होती. आइसलँडची बहुतेक निर्यात मासळीचीच होती, त्यामुळे तिथे हा घराघराचा प्रश्न होता; ब्रिटनच्या दृष्टीने तो दोन-चार बंदरांचा होता. दुसरे असे की, आइसलँडमधल्या केफ्लाविकला नाटोचा हवाई तळ होता आणि तिथून उत्तर अटलांटिकातल्या सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवली जाई. वाद विकोपाला गेला तर आपण नाटोत राहू की नाही ते सांगता येत नाही, असे आइसलँडने सुचवताच ब्रिटनचे मित्रच ब्रिटनला आवरायला लागले. लहान देशाकडे गलबते कमी होती, पण मोठ्याला ज्याच्यावाचून चालणार नाही अशी एक जागा त्याच्याकडे होती.

पुरंदर, जून १६६५

आता आपल्याकडे येऊ. शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंहाशी केलेला पुरंदरचा तह शाळेत आपण हानी म्हणून शिकतो, आणि हानी झालीच होती. मार्चअखेरीस पुरंदरला वेढा पडला, एप्रिलच्या मध्याला शेजारचा वज्रगड गेला, मुरारबाजी देशपांडे पडले. ११ जून रोजी महाराज स्वतः जयसिंहाच्या छावणीत गेले. ठरले ते असे : २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यायचा, १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख महाराजांकडे राहणार.

तह वाचताना काय गेले याबरोबर काय राहिले तेही पाहायचे असते. राहिलेल्या बारांत राजगड, तोरणा आणि रायगड होते, म्हणजे राज्याचा गाभा शाबूत होता. मोगली मनसब महाराजांनी स्वतः घेतली नाही. पाच हजारांची मनसब संभाजीराजांच्या नावे झाली, आणि संभाजीराजे तेव्हा आठ वर्षांचे होते. बादशहाच्या दरबारात हात बांधून उभे राहायची सक्ती महाराजांनी टाळली. ती सवलत नुसत्या विनवणीने मिळण्यासारखी नव्हती.

ती मिळाली, कारण जयसिंहाला घाई होती. पावसाळा तोंडावर आला होता आणि त्याच्या मोहिमेचे खरे लक्ष्य विजापूर होते. महाराज आणि आदिलशहा एक झाले तर दक्षिणेत आपला निभाव लागणे कठीण, ही धास्ती त्याच्या पत्रव्यवहारात दिसते. महाराजांनी ती नेमकी ओळखली होती. आपल्याला फारच दाबले तर आपण विजापूरला जाऊन मिळू, आणि मान राखला तर विजापूरवर तुमच्याबरोबर येऊ, असे दोन्ही रस्ते त्यांनी जयसिंहापुढे उघडे ठेवले. आपण आणखी कोणाकडे जाऊ शकतो ही शक्यता समोरच्याला दिसत राहणे, हे लहान राज्याचे सर्वांत मोठे भांडवल असते.

याच तहातले आणखी एक कलम मला फार विलक्षण वाटते. विजापूरकरांच्या ताब्यातला चार लाख होनांचा तळकोकण आणि पाच लाखांचा बालाघाट बादशहाने आपल्याला द्यावा, त्याबद्दल आपण ४० लाख होन हप्त्याहप्त्याने, दरसाल तीन लाखांप्रमाणे देऊ, असे महाराजांनी कबूल केले. जो मुलूख मोगलांचा नव्हताच, त्यावर मोगलांची मान्यता मागितली, आणि पैसे पुढल्या साधारण तेरा वर्षांत द्यायचे ठरवले. जयसिंहालाही हे कलम आवडले, कारण त्यामुळे शिवाजी आणि विजापूर यांचे वैर कायम राहील असे त्याचे गणित होते. दोघांनाही आपण जिंकलो असे वाटावे, असे हे कलम होते. तह टिकायचा तर मोठ्या पक्षाच्या सरदाराला आपल्या धन्याला पत्र लिहून सांगता येईल असे काहीतरी त्याच्या पदरात पडावे लागते.

पुढे काय झाले ते आपल्या जिल्ह्याच्या वाटेवरच घडले. जयसिंहाची फौज महाराजांसह विजापूरकडे निघाली, डिसेंबर १६६५ मध्ये मंगळवेढा घेतला, विजापूरच्या जवळ पोहोचली, आणि जानेवारीत मागे फिरून परांड्याकडे आली. मोहीम फसली. १६६७ मध्ये जयसिंह बुऱ्हाणपुराला वारला. १६७० मध्ये कोंढाणा आणि पुरंदर परत स्वराज्यात आले आणि एकेक करत बाकीचे किल्लेही घेतले जाऊ लागले. १६६५ च्या जूनमध्ये वेळ विकत घेतली होती, आणि तिची किंमत २३ किल्ले होती.

कापलेला आणि उभा ऊस

वेळेचे हे गणित माढा तालुक्यात कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. ऊस फडात उभा असतो तोवर शेतकरी दर विचारू शकतो, दुसऱ्या कारखान्याची टोळी येते का ते पाहू शकतो. एकदा कोयता लागला की चित्र पालटते. तोडलेला ऊस दिवसभरात गाळपाला गेला नाही तर वजन घटते, उतारा पडतो, आणि दर तासाला शेतकऱ्याची बाजू हलकी होत जाते. मात्र उभ्या उसालाही मुदत असते; तुरा आल्यावर फार दिवस ठेवला तर तो पोकळ पडतो.

तहातही हेच होते. महाराज पुरंदर पडायच्या आत बोलायला गेले. किल्ल्यात लोक होते, त्यांची बायकामुले होती, पण गड अजून पडलेला नव्हता. आणखी आठवडाभर थांबले असते तर द्यायला काही उरले नसते. आधीच गेले असते तर जयसिंहाला पावसाची घाई नसती. लहान राज्याला कधी बोलावे हे ठरवता आले, तर काय बोलावे याइतकाच त्याचा उपयोग होतो. पुष्कळ राज्ये इथेच चुकतात. बाजू भक्कम असते तेव्हा बोलणे त्यांना कमीपणाचे वाटते, आणि मग बोलायला जातात ती फड कापून झाल्यावर.

मोठ्याच्या घरातली फूट

मोठे राज्य एकसंध असते असे लांबून वाटते. जवळ गेले की त्यात गट दिसतात. १७१८ मध्ये दक्षिणेचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली याचे बादशहा फर्रुखसियरशी वाकडे होते. दिल्लीतला त्याचा भाऊ अडचणीत होता, दोघांना फौज हवी होती. शंकराजी मल्हार मध्ये पडले आणि शाहू महाराजांशी करार झाला. बादशहाने तो मंजूर केला नाही. तेव्हा पेशवा बाळाजी विश्वनाथ फौजेनिशी सय्यदाबरोबर थेट दिल्लीला गेला. फेब्रुवारी १७१९ मध्ये फर्रुखसियर पदच्युत झाला आणि मार्चमध्ये नव्या बादशहाच्या नावाने सनदा मिळाल्या : स्वराज्याची, दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची, म्हणजे वसुलाच्या चौथ्या हिश्शाची, आणि सरदेशमुखीची, म्हणजे आणखी दहा टक्क्यांची. शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई यांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली ती याच वेळी.

बदल्यात शाहू महाराजांनी सालाना दहा लाख रुपये पेशकश आणि सुभेदाराच्या मदतीला १५ हजार घोडेस्वार कबूल केले. कागदावर ते बादशहाचे ताबेदार झाले. पण चौथाई वसूल करायची तर सहाही सुभ्यांत मराठ्यांचे कमाविसदार, म्हणजे वसुली अंमलदार, जाणार होते. मान बादशहाला, वसूल आपल्याला. लहान पक्षाने मानाचे शब्द उदारपणे द्यावेत आणि व्यवस्थेची कलमे घट्ट धरावीत, याचा इतका स्पष्ट नमुना आपल्या इतिहासात दुसरा नसेल.

याच धामधुमीत माढा परिसराचा संबंध येतो. रावरंभा निंबाळकर मराठा सरदार, पण मोगलांच्या आणि नंतर निजामाच्या बाजूचे. त्यांची जहागीर होती पुण्याजवळ, शाहू महाराजांच्या आणि पेशव्यांच्या अगदी उशाशी. निजामाशी बोलणी होऊन ती बदलली गेली आणि त्यांना करमाळ्याकडचा मुलूख मिळाला. माढ्याचा किल्ला आणि माढेश्वरीचे देऊळ याच घराण्याच्या नावाने ओळखले जाते. दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेल्या सरदाराने जागा सोडली, पण जहागीर सोडली नाही. मोठ्यांना एकमेकांपासून अंतर हवे होते आणि त्या अंतरात निंबाळकरांनी आपले घर बांधले.

साताऱ्याने कुठे गमावले

आता १८१८ कडे परत. प्रतापसिंह महाराजांना कंपनीने राज्य दिले ते स्वतःच्या गरजेपोटी. पेशवाई संपवल्यावर मराठी मुलूख शांत ठेवायचा, तर छत्रपतींची गादी मानाने चाललेली दिसणे कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याला आवश्यक वाटत होते. त्या घडीला सातारकरांची प्रश्नापुरती ताकद बरीच होती, पण बोलणी करण्याच्या स्थितीत महाराज नव्हते. ते कंपनीच्या हातात होते. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात एक कलम आले : ब्रिटिश सरकारच्या मार्फतीशिवाय बाहेरच्या कोणाशीही संबंध ठेवायचा नाही.

माझ्या मते सातारा १८४८ मध्ये नव्हे, या कलमाने गेले. पुरंदरला महाराजांच्या हातात जे भांडवल होते, म्हणजे आणखी कोणाकडे जाण्याची शक्यता, ते या कलमाने कायमचे काढून घेतले. प्रतापसिंह कर्तबगार राजे होते. त्यांनी रस्ते, शाळा, पाणीपुरवठा यांत लक्ष घातले, कारभार नीट चालवला. पण मराठी मुलूख शांत झाल्यावर कंपनीची गरज सरली, आणि महाराजांपाशी तिच्या जागी ठेवायला दुसरे काही नव्हते. जहागीरदारांवर हक्क कोणाचा, यावरून मुंबई सरकारशी त्यांचा वाद पेटला तेव्हा त्यांच्याकडे न्यायाची बाजू होती; दबाव आणायचे साधन नव्हते. त्यांच्यावर आरोप आले ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या माजी राजांशी गुप्त संधान बांधल्याचे, म्हणजे बंद दार उघडल्याचेच. गव्हर्नर कार्नाकने कबुलीच्या कागदावर सही मागितली. जे केले नाही ते कबूल करणार नाही, असे म्हणून महाराजांनी नकार दिला आणि सप्टेंबर १८३९ मध्ये गादी गमावली. त्या नकाराचा मला फार आदर वाटतो. त्यांना काशीला पाठवले गेले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये होते. त्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या, कंपनीच्या भागधारकांपुढे बाजू मांडली, पार्लमेंटमधले सहानुभूतीदार शोधले. एका माणसाने एवढी चिकाटी दाखवल्याची उदाहरणे थोडी. मोठ्याच्या घरातली फूटही त्यांना सापडली होती. खुद्द मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी १८४८ मध्ये राज्य खालसा करायला विरोध केला. पण बाळाजी विश्वनाथाजवळ सय्यदांना हवी असलेली फौज होती. रंगो बापूजींजवळ फक्त सत्य होते. प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले, मरणापूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने मानले नाही, आणि राज्य गेले.

चौकट : तह वाचताना
• या एका प्रश्नावर कोणाला जास्त घाई आहे?
• बोलणी मोडली तर लहान पक्ष आणखी कोणाकडे जाऊ शकतो?
• मोठ्या पक्षात कोणाकोणाचे हित वेगळे आहे?
• मानाची कलमे कोणती आणि व्यवस्थेची कोणती?
• लहान पक्षाचे नाव करारात थेट आहे, की दुसऱ्याच्या नावाखाली?

धाकट्यांचा वेगळा कागद

चौकटीतल्या शेवटच्या प्रश्नातच अक्कलकोटचे उत्तर आहे. अक्कलकोट, जत, फलटण, औंध आणि भोर हे साताऱ्याचे जहागीरदार. त्यांची चाकरी साताऱ्याला रुजू व्हायची. पण १८२० मध्ये कंपनीने त्यांच्याशी स्वतंत्र करार केले आणि त्यांच्या मुलखाची हमी स्वतः घेतली. त्यामुळे १८४८ मध्ये साताऱ्याची गादी गेली तरी तिच्याबरोबर त्यांचे कागद गेले नाहीत. वरचा धनी बदलला, एवढेच.

ही हमी त्यांनी झगडून मिळवली असे म्हणता येणार नाही. साताऱ्याच्या भोवती आपल्याशी थेट बांधलेली घराणी असणे कंपनीच्याच सोयीचे होते. तरीही त्यांनी ती संधी घेतली, आणि आपले हित मोठ्याच्या सोयीशी जुळते तिथे त्याच्याकडून लेखी घेतले. किंमतही मोजली : बाहेरच्या जगाशी बोलायचा हक्क त्यांच्याकडे कधीच आला नाही. आणि दुसऱ्याने दिलेली हमी तो दुसरा असेतोवरच. १५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजी सत्ता गेली, तिच्याबरोबर हमीही गेली, आणि ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यांतल्या औंधच्या राजांनी १९३९ मध्येच आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला होता, म्हणून तिथे विलीनीकरणाचा प्रश्न राजाच्या हिताचा राहिलाच नव्हता.

आपल्याच काळातले उदाहरण

स्वतंत्र भारत मोठा पक्ष झाला तेव्हा हिमालयात पुन्हा अशीच जोडी दिसते. भूतानशी भारताचा करार १९४९ चा, सिक्कीमशी १९५० चा. सिक्कीमच्या करारात संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार भारताकडे होते. १९७५ मध्ये सिक्कीम भारताचे राज्य झाले. भूतानच्या करारातही परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचे कलम होते. भूतानने ते कलम एकदम झुगारले नाही. भारताच्याच पाठिंब्याने ते १९६२ मध्ये कोलंबो योजनेत गेले, १९६९ मध्ये जागतिक टपाल संघात आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत. दार एकदम न उघडता एकेक फळी काढली, आणि प्रत्येक वेळी मोठ्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन.

दुसरीकडे भारताला हवी असलेली गोष्ट त्यांनी तयार केली. चुखा जलविद्युत प्रकल्प भारताच्या पैशातून उभा राहिला, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, क्षमता ३३६ मेगावॉट. त्यातली बरीचशी वीज भारतच विकत घेऊ लागला. वीज एका बाजूने वाहते आणि पैसा दुसऱ्या बाजूने, त्यामुळे संबंध बिघडले तर दोघांचेही नुकसान. २००७ मध्ये नवा करार झाला. सल्ल्याने चालण्याचे कलम त्यात राहिले नाही. त्याऐवजी एकमेकांच्या राष्ट्रीय हिताच्या बाबतीत दोन्ही देश निकट सहकार्य करतील आणि आपली भूमी दुसऱ्याविरुद्ध वापरू देणार नाहीत, असे लिहिले गेले. भारताच्या सुरक्षेची काळजी करारात राहिली, आणि भूतानला जगाशी स्वतःच्या नावाने बोलता येऊ लागले.